वहिनीने उसवलेली मोटरसायकल

माझी वहिनी शिंपीण आहे, आणि तिच्याइतकी हट्टी बाई मी दुसरी पाहिलेली नाही. नणंदेने भावजयीबद्दल असं काही लिहिलं की लोक लगेच सरसावून बसतात, आता उणीदुणी काढणार म्हणून. त्यांची निराशा होईल. मला ती फार आवडते. हट्टी आहे ते मात्र आहेच.

आमच्या घराची पुढची खोली म्हणजे तिची शिवणखोली. दोन मशिनं, कापड बेतायचं लांबलचक टेबल, आणि भिंतीवर खिळ्यांना लटकलेले शाळेचे गणवेश, हॉटेलच्या वेटरांचे कोट, कुणाचे तरी अर्धे झालेले पडदे. मागच्या दोन खोल्यांत आम्ही तिघं राहतो. मी औषधांच्या दुकानात काउंटरवर असते, दादा पाणीपुरवठ्याच्या कचेरीत. घरात सगळ्यात जास्त काम वहिनी करते, सगळ्यात जास्त दमतो दादा आणि सगळ्यात जास्त बोलते मी.

वहिनीचे वडीलही शिंपीच. सुई कशी धरायची ते तिला त्यांनीच शिकवलं. आता ते डोंगरापलीकडच्या गावी तिच्या धाकट्या बहिणीकडे असतात आणि त्यांची नजर दिवसेंदिवस अधू होत चालली आहे. तिकडे जायचं तर तीन बस बदलाव्या लागतात, नाहीतर दादाच्या मोटरसायकलवर मागे बसून जायचं. दादाचा रविवार म्हणजे जेवण आणि झोप. "पुढच्या रविवारी नक्की," हे वाक्य मी त्याच्या तोंडून इतक्या वेळा ऐकलं आहे की पुढचा रविवार नावाचा वार कॅलेंडरात नसतोच अशी माझी खात्री पटली आहे. "कोणी सोडेल का मला बाबांकडे?" असं विचारत वहिनीची निम्मी हयात गेली. मग एक दिवस तिने विचारणं थांबवलं आणि म्हणाली, "अहो, मला गाडी शिकवा."

दादाला आधी ती थट्टा वाटली. पण त्याचं श्रेय त्याला दिलंच पाहिजे, शिकवलं त्याने. गोदामामागच्या मोकळ्या मैदानात तो गाडीमागे धावायचा, ओरडायचा, घामाघूम होऊन परत यायचा. वहिनीने स्वतःसाठी जाड कापडाची एक पँट शिवली आणि महिन्याभरात ती गणवेशांची गाठोडी मागे बांधून गावभर फिरायला लागली. बाबांकडे एकटीने जायचा दिवसही ठरला. आणि नेमकी त्याच आठवड्यात ती पडली.

बेकरीच्या वळणावर गटारावरची फरशी एका बाजूने वर उचललेली होती, तिच्यावर पुढचं चाक आदळलं. वहिनीचं कोपर खरचटलं, बाकी काही नाही. लागलं ते गाडीला. मोटरसायकलच्या पुढच्या चाकाला दोन बाजूंनी दोन पाय धरून असतात, त्यांना आमच्याकडे शॉकअप म्हणतात. त्या प्रत्येक पायात एकात एक सरकणाऱ्या दोन नळ्या. आतली लोखंडाची, चकचकीत. बाहेरची ॲल्युमिनियमची, तिच्या तळाशी चाक अडकवलेलं असतं. उजवीकडची ही बाहेरची नळी बरोबर चाकापाशी तडकली होती. डावीलाही खोल ओरखडे पडले होते.

बातमी कळताच दादा धावत तिथे गेला आणि पांढराफटक पडला. आणि घाबरलेला पुरुष जे करतो तेच त्याने केलं, म्हणजे तो रागावला. "झालं तेवढं बास. गाडी विकायची." जुन्या गाड्यांचा एक दलाल त्याच्या ओळखीचा होता, त्याला त्याने रविवारी बोलावूनही टाकलं.

"गाडी चालती झाली तर?" वहिनीने विचारलं.

"चालती झाली तर बघू."

आमच्या घरात 'बघू' म्हणजे नाही. हे मांजरालाही माहीत आहे. पण वहिनीने ते शब्दशः घ्यायचं ठरवलं.

कोपऱ्यावरच्या मेकॅनिकला सगळे डॉक्टर म्हणतात, कारण कुठलीही गाडी समोर आली की तो आधी मान हलवतो. त्याने मान हलवली. असे पार्ट मिळत नाहीत म्हणाला, मिळाले तरी महिना जाईल म्हणाला. एवढं मात्र त्याने वहिनीला नीट समजावलं की काय काय उघडावं लागतं आणि कुठल्या क्रमाने. "आणि ऑइल सील नीट बसवायचं, नाहीतर तेल गळणार," एवढं बोलून तो दुसऱ्या रोग्याकडे वळला.

मग वहिनीने जे केलं ते पाहून मी कपाळाला हात लावला. तिने गळ्यातला टेप काढला, गाडीपुढे फतकल मारली आणि त्या तडकलेल्या नळीचं माप घेतलं. उंची, वरचा घेर, खालचा घेर. खाकी कागदावर तिचा बेत आखला, चाक अडकतं तिथली भोकं कात्रीने कापून काढली. ती गुंडाळी काखेत मारून ती जुन्या सुट्या भागांच्या बाजारात गेली. दुकानदार आधी हसला म्हणे. मग कागद एकेका नळीवर लावून बघण्यात तोच रंगला. संध्याकाळी वहिनी जोडी घेऊन आली. मागून चेंगरलेल्या एका गाडीच्या पुढच्या पायांच्या बाहेरच्या नळ्या, एकदम धडधाकट.

शनिवारी मी दुकानात ताप आलाय म्हणून सांगितलं. औषधांच्या दुकानात हे कारण द्यायला छाती लागते. मालकाने लगेच गोळी पुढे केली, आणि ती त्याच्यासमोर गिळूनच मला घरी यावं लागलं.

मशिनं भिंतीला सरकवून वहिनीने गाडी शिवणखोलीत घेतली होती. डबल स्टँडवर चढवलेली, इंजिनाखाली लाकडाचा ओंडका, पुढचं चाक अधांतरी. फरशीवर जुनी चादर अंथरली होती आणि तिच्यावर खडूने गोल काढले होते. निघालेला प्रत्येक बोल्ट आपापल्या गोलात जाऊन बसायचा, बाजूला खडूनेच 'डावा', 'उजवा'. चाक निघालं, मडगार्ड निघालं, मग दोन्ही पाय पिळून पिळून खाली आले. तळाचे स्क्रू काढून तिने जुनं तेल तसराळ्यात सोडलं. काळंकुट्ट होतं आणि त्याला सडक्या माशासारखा वास येत होता. एका वेटराचा कोट मी घाईघाईने खोलीबाहेर नेला.

दादा दारातून डोकावला. "सगळं सुटं करून ठेवलंस? आता दलाल पोत्यात भरून नेईल."

"तुम्ही पेपर वाचा," वहिनी म्हणाली.

आतली नळी आणि बाहेरची नळी एकमेकींना एकाच बोल्टने बांधलेल्या असतात, तो तळातून वर जातो. तो सुटला की झालं. वहिनीने पाना लावला, फिरवला. बोल्ट फिरला. आणखी फिरवला, आणखी फिरला. मी म्हटलं, वा, सुटला.

"कसला सुटतोय! नुसता जागच्या जागी फिरतोय. तो ज्यात घुसलाय ती आतली दांडीपण त्याच्याबरोबर फिरतेय." तिने घाम पुसला. "नळीतली स्प्रिंग दाबली ना, की ती दांडीला घट्ट धरेल. वरून जोर पाहिजे." मग तिने मला नखशिखांत न्याहाळलं, गिऱ्हाइकाला न्याहाळते तसं. "इकडे ये."

"मी काय करू?"

"काही करू नकोस. फक्त वजन दे."

मला राग आला होता, पण वेळ तशी नव्हती. कापडाच्या घडीवर तो पाय उलटा उभा केला, आणि मी त्याला मिठी मारून पोटाने त्याच्यावर रेलले. आत स्प्रिंग दबल्याचं मला जाणवलं. वहिनीने पाना बसवला, श्वास घेतला आणि एक हिसडा दिला. टक! दुसऱ्या पायालाही तेच. इतकी वर्षं घरात जो चेष्टेचा विषय होता, त्या माझ्या वजनाचं त्या दिवशी सार्थक झालं, आणि मी ते दादाला मुद्दाम ओरडून सांगितलं.

पुढचं काम वहिनीच्या हातचं होतं, आणि ते बघत राहावं असं होतं. नव्या नळ्या तिने आतून बाहेरून पुसून लख्ख केल्या. प्रत्येक नळीच्या तोंडाशी एक रबरी कडं बसतं. तेच ऑइल सील, आतलं तेल बाहेर येऊ न देणारं. कड्याच्या एका अंगावर अक्षरं छापलेली, दुसरं अंग पोकळ, त्यात बारीकशी तारेची स्प्रिंग. वहिनीने कडं बोटांत फिरवलं, नळीवर ठेवलं आणि त्याच मापाच्या पाइपचा तुकडा वर धरून लाकडी हातोडीने हळूहळू, चहूबाजूंनी सारखं ठोकत आत बसवलं. लोखंडी नळीची कड धारदार असते, त्या कडेने रबर कापलं जाऊ नये म्हणून तिने नव्या शर्टाच्या वेष्टनातला पातळ प्लास्टिकचा कागद कडेवर गुंडाळला आणि त्यावरून नळी सरकवली. सुळकन गेली. हे तिला डॉक्टरने सांगितलं नव्हतं. नाजूक कापड खरखरीत कडेवरून कसं न्यायचं, हे तिच्या हातांना ठाऊकच होतं.

नवं तेल दोन्हीकडे अगदी सारखं मोजून भरलं. पाय वर चढले, चाक बसलं, ब्रेकची केबल बसली. उन्हं कलताना गाडी आपल्या दोन चाकांवर उभी होती आणि चादरीवरच्या गोलांत एकही बोल्ट उरला नव्हता. आम्ही दोघी तिच्याकडे बघत नुसत्या उभ्या राहिलो. मला रडू येईल असं वाटलं, इतकी ती छान दिसत होती.

दादा आला. त्याने हँडल धरून गाडीचं तोंड पाच-सहा वेळा खाली दाबलं. गाडी मऊपणे खाली जायची, वर यायची. वहिनीचा चेहरा फुलला होता. मग दादा वाकला, चकचकीत नळीवरून बोट फिरवलं आणि ते आमच्यासमोर धरलं. बोट तेलाने माखलं होतं. त्याने दुसऱ्या नळीवरून बोट फिरवलं. तिथेही तेल.

"गळतंय," तो म्हणाला आणि हात धुवायला गेला. जिंकल्याचा आव आणला असता, टोमणा मारला असता, तर मी त्याच्याशी भांडले तरी असते. तसं काहीच न करता तो गेला, याचंच मला जास्त लागलं.

वहिनी स्टुलावर बसली. तेल नळीवरून ओघळून चाकाकडे चाललं होतं. मी म्हटलं, "जाऊ दे गं वहिनी. बसने जाऊ आपण बाबांकडे. मी येते सोडायला."

"सोडायला," ती म्हणाली. एवढंच म्हणाली. ते ऐकून, मी आधी गप्प का बसले नाही असं मला झालं.

मग ती उठली. कोपऱ्यात जुनी तडकलेली नळी पडली होती. ती तिने मांडीवर घेतली, तोंडाशी असलेलं धूळ अडवणारं रबरी टोपण नखाने वर सरकवलं आणि आत पाहिलं. खिडकीपाशी नेऊन पुन्हा पाहिलं. बोटाने मळ पुसला. आणि हसायला लागली. इतकी हसली की तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. मला वाटलं, हिचं डोकं फिरलं.

"अगं, मळ कुठल्या बाजूला बसतो कपड्याला?"

"बाहेरच्या."

"हे बघ. मळाखाली अक्षरं आहेत. अक्षरं बाहेर, वरच्या बाजूला. मी दोन्हीकडे अक्षरं आत घातली!" तिने कपाळावर हात मारला, तिथे काळा डाग उमटला. "सुलटी बाजू आत! बाबांनी डोक्यात टपली मारून मारून शिकवलंय. कुठलंही कापड जोडायला घेतलं की छापाची, सुलटी बाजू आत. शिवून झालं की उलटायचं. हाताने विचारलंच नाही मला. नमुना कोपऱ्यात पडलाय, आणि शिंपीण नमुना न बघता शिवत बसली!"

"मग आता?"

"आता काय? उसवायचं."

हे ती ज्या सुरात म्हणाली ना, तो सूर मी कधी विसरणार नाही. तुमच्या-माझ्यासारख्यांना केलेलं काम मोडायचं म्हणजे जिवावर येतं. वहिनीने आयुष्यात इतक्या बाह्या, इतक्या कॉलरी उसवल्या आहेत की उसवणं हा तिच्या लेखी शिवण्याचाच भाग. मी आठवण करून दिली की एकदा ठोकून बसवलेलं सील काढताना फाटतं, आणि रविवारी बाजार बंद असतो. तिने टेबलाचा खण उघडला. आत सीलांची आणखी एक जोडी होती.

"नेमकं कापड मी कधी आणलंय का? चार बोटं जास्त घेते."

रविवारी उजाडताच आम्ही पुन्हा खोलीत. तसराळं, पाना, माझं पोट, टक. या वेळी मी स्वतःहून जाऊन रेलले. फसलेली सीलं खरवडून निघाली, नवी बसली, अक्षरं वर. वहिनीने ती दोनदा वाचून दाखवली आणि मलाही वाचायला लावली. सगळं परत चढवल्यावर तिने पांढऱ्या अस्तराच्या दोन पट्ट्या फाडल्या आणि दोन्ही नळ्यांना सीलाच्या वर बांधल्या.

"अहो," तिने हाक मारली, "या जरा."

दादाने काल दाबलं त्याच्या दुप्पट जोराने दाबलं. त्या बिचाऱ्या गाडीने किती उठाबशा काढल्या, मोजल्या नाहीत. मग त्याने पट्ट्या सोडल्या, दारात उजेडात नेल्या, उलटसुलट करून पाहिल्या. दोन्ही पांढऱ्याशुभ्र. त्याने चाक हलवून पाहिलं, एकेका नटला पाना लावून पाहिला, ब्रेक दाबला, गाडी गल्लीच्या टोकापर्यंत नेऊन आणली, पुन्हा दाबला.

"कोरडं आहे," तो म्हणाला. त्याच्या आवाजात कौतुक होतं, आणि ते लपवायची त्याची धडपडही मला ऐकू येत होती. "काम चांगलं झालंय. पण मी माणसाला शब्द दिलाय."

तेवढ्यात तो माणूस आलाच. दलालाने गाडीभोवती एक चक्कर मारली, पुढचे पाय बघून भुवया उंचावल्या. "कुठल्या गॅरेजात केलं हो?"

"इथेच," मी म्हटलं. "शिवणखोलीत." तो हसला. त्याला तो विनोद वाटला.

मला वाटलं, वहिनी आता भांडेल. ती भांडली नाही. हात पुसत शांतपणे म्हणाली, "बोलणी चालू द्या तुमची. मी शेवटची एक फेरी मारून येते."

तिने ती जाड पँट घातली होती. हेल्मेट घातलं. खांद्याला पिशवी अडकवली. एका फेरीला कोणी पाण्याची बाटली आणि डबा घेऊन जातं का? माझ्या ते लक्षात आलं होतं. पण म्हटलं ना, घरात सगळ्यात जास्त मी बोलते. त्या दिवशी एकदा नाही बोलले.

गाडी गल्लीच्या वळणावर दिसेनाशी झाली. दलालाला चहा दिला. मग दुसरा दिला. तिसऱ्या वेळेला त्याने हात जोडले. दादा कोपऱ्यापर्यंत जाऊन आला, मग बेकरीपर्यंत जाऊन आला. फोन लावत होता, तो नुसता वाजत होता. शेवटी तो पायरीवर माझ्याशेजारी येऊन बसला.

"त्या दिवशी ना," तो हळूच म्हणाला, "मला आधी तिची चप्पल दिसली. रस्त्याच्या मधोमध. ती नंतर दिसली. त्या मधल्या वेळात मी..." एवढ्या वर्षांत मी त्याला असं पाहिलं नव्हतं. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि ती कुठे गेली असावी ते सांगणारच होते, तर फोन वाजला.

दादाने उचलला आणि घाईत कुठलंतरी बटण दाबलं, त्यामुळे वहिनीचा आवाज सगळ्या अंगणाला ऐकू आला. "अहो, पोचले बरं का. बाबांच्या दारात उभी आहे. घाट अगदी मस्त पार केला. एक थेंब नाही गळला!"

दादा काही बोलायच्या आत पलीकडून म्हाताऱ्याचा आवाज आला. "कोण? पोरी, तू? कोणाबरोबर आलीस? जावई कुठायत, गाडी लावतायत का?"

"कोणाबरोबर नाही बाबा. माझी मी आले."

"असं कसं? सोडायला कोण आलं?"

आणि मग आमचा दादा, फोन दोन्ही हातांनी तोंडाशी धरून, म्हाताऱ्याला ऐकू जावं म्हणून बेंबीच्या देठापासून ओरडला.

"कोणी नाही आलं बाबा! तिनेच चालवत आणली! आणि नुसती चालवली नाही, गाडीचे पुढचे दोन्ही पाय तिने स्वतः बदललेत! घरी! हाताने! माझी बायको आहे ती!"

गल्लीतल्या दोन खिडक्या उघडल्या. डॉक्टर दुकानातून बाहेर येऊन बघायला लागला. पलीकडे बाबा काहीतरी पुटपुटत होते, वहिनी एकाच वेळी हसत होती आणि रडत होती, आणि माझीही तीच गत झाली होती. दादाने बाहीने डोळे पुसले आणि फोनवर म्हणाला, "सावकाश ये. घाई करू नकोस. मी जेवायला थांबतो."

दलाल केव्हाचा उठून उभा राहिला होता. सौद्याचं काय झालं ते त्याला बहुतेक कळलं होतं, तरी धंद्याची सवय. "मग काय साहेब, गाडी बघायला पुढच्या रविवारी येऊ का?"

"या की, चहाला या," दादा म्हणाला. "पण रविवारी गाडी काही घरी सापडायची नाही."